गंज, वंगण आणि निळा-पिवळा डबा



"इतिहासावर काहीतरी लिहून द्या," असा संपादक मंडळाचा निरोप आला. सोसायटीची स्थापना, पहिली कमिटी, कन्व्हेयन्सची खटपट यांवर जाणकार मंडळी लिहीत आहेतच. मी पदवी घेतली इतिहासाची आणि नोकरी केली बँकेत, त्यामुळे वाचलेला इतिहास आजवर फारसा कामी आला नाही. म्हणून ठरवलं की जी वस्तू आपल्या बहुतेक घरांत बेसिनखालच्या कपाटात नाहीतर गाडीच्या डिकीत पडलेली असते, आणि जिला काही इतिहास असेल असं कोणाच्या मनातही येत नाही, तिच्यावरच लिहावं. ती वस्तू म्हणजे गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवाऱ्याचा डबा. बिजागरी कुरकुरली, मारा फवारा. नट अडकला, मारा फवारा. कुलूप लागेना, मारा फवारा!

या डब्यामागे माणसाचा जवळजवळ चार हजार वर्षांचा अनुभव आहे. त्या अनुभवाचं सार सांगायचं तर असं की अडकलेलं सोडवणं हे एक काम आणि सुटलेलं चालतं ठेवणं हे दुसरं. पहिल्याला फवारा पुरतो, दुसऱ्याला वंगण लागतं. ही दोन कामं आपण एकच समजू लागलो आणि तिथेच सगळा घोटाळा झाला, असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

ओली वाळू आणि एरंडेल

इजिप्तमध्ये देर अल-बर्शा या ठिकाणी जेहुतीहोतेप नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याची कबर आहे. काळ साधारण इ. स. पूर्व १९००. तिथल्या भिंतीवरच्या चित्रात एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवलेला दिसतो आणि रांगाच्या रांगा माणसं तो दोरांनी ओढत आहेत. पुतळ्याच्या पायाशी एक माणूस उभा आहे आणि तो घसरगाडीच्या पुढे भांड्यातून काहीतरी ओततो आहे. हा काही धार्मिक विधी असावा, असं बरीच वर्षं समजलं जाई. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळलं तर घसरगाडी ओढायला लागणारा जोर सुमारे निम्मा होतो. पाणी कमी पडलं तर वाळूचा ढीग पुढे साचतो, जास्त झालं तर गाडी रुतते. म्हणजे त्या ओतणाऱ्या माणसाला प्रमाण कळत होतं. शेकडो माणसांच्या श्रमात त्याच्या एका भांड्याचा वाटा केवढा, याचा विचार करून पाहा.

आपल्याकडे हे काम एरंडेल करत असे. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना बैलगाडीखाली लटकणारं वंगणाचं नळकांडं आठवत असेल. एरंडेल तेलात काजळी किंवा राख कालवून केलेलं ते काळंकुट्ट वंगण गाडीवान आखाला लावत असे. लांबचा पल्ला असेल तर वाटेत थांबून पुन्हा लावायचं. वंगण संपलं की चाक ओरडायला लागे आणि दोन शेतांपलीकडच्या माणसालासुद्धा कळे की अमक्याची गाडी आली. पुढे 'वंगण घालणे' या शब्दांना कचेऱ्यांमध्ये वेगळाच अर्थ आला, तो सर्वांना ठाऊक आहे. त्याबद्दल बँकवाल्याने न बोललेलंच बरं.

एरंडेलाला कमी लेखू नका. लंडनमध्ये १८९९ साली चार्ल्स वेकफिल्ड यांनी वंगणाची कंपनी काढली. १९०९ मध्ये त्यांनी मोटारींसाठी जे तेल आणलं त्यात एरंडेलाचा अंश होता आणि एरंडाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच त्या तेलाचं 'कॅस्ट्रॉल' असं नाव पडलं. पहिल्या महायुद्धातल्या गोल फिरणाऱ्या विमान इंजिनांमध्येही एरंडेलच वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. इंजिनातून उडणारं ते तेल वैमानिकांच्या नाकातोंडात जाई आणि त्यांची पोटं बिघडत, असं सांगतात. लहानपणी आजीच्या हातून चमचाभर एरंडेल घेतलेल्या कोणालाही हे लगेच पटेल. आज जगात एरंडीचं सर्वात जास्त उत्पादन भारतात होतं आणि त्यातही गुजरातचा वाटा मोठा आहे.

देवमासा, घासलेट आणि सायकल

युरोप-अमेरिकेत वाफेची इंजिनं आली तेव्हा वंगण म्हणून जनावरांची चरबी वापरत. घड्याळं, शिवणयंत्रं अशा नाजूक यंत्रांना स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल लागे, कारण ते पातळ राहतं आणि लवकर चिकट होत नाही. त्यासाठी देवमाशांची किती कत्तल झाली त्याची कथा फार दुःखाची आहे.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेक यांच्या विहिरीला अवघ्या ६९ फुटांवर खनिज तेल लागलं. तेव्हा लोकांना हवं होतं ते दिव्यासाठी रॉकेल. ते काढून घेतल्यावर जो जड भाग उरे, त्याचं चांगलं वंगण होतं हे हळूहळू लक्षात आलं. चरबी नासते, वनस्पती तेल हवेने चिकट होतं, तसं खनिज तेलाचं लवकर होत नाही. भारतात आसाममधल्या दिग्बोईला १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. मुंबईत तुर्भे-माहूलच्या किनाऱ्यावर १९५४ आणि १९५५ मध्ये दोन मोठे कारखाने उभे राहिले.

'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल' आणि 'घासलेट' म्हणजे 'गॅस लाइट', अशी या शब्दांची व्युत्पत्ती सांगतात. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या आपल्या पिढीला घासलेटचा आणखी एक उपयोग माहीत होता. गंजलेला स्क्रू निघेना की त्यावर घासलेटचे चार थेंब टाकायचे, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पान्याने फिरवायचं. कोकणातल्या एका शाखेत मी असताना पावसाळ्यात बाहेरच्या जाळीच्या दरवाजाचं कुलूप हमखास धरायचं. आमचे शिपाईमामा एका जुन्या शाईच्या बाटलीत घासलेट ठेवत आणि पिसाने ते कुलपाच्या दांड्यावर लावत. मग शांतपणे बिडी ओढायला जात. "साहेब, त्याला जरा पिऊ द्या," असं म्हणत. मात्र आतल्या स्ट्राँगरूमच्या कुलपाला ते कधी हात लावत नसत. ते कुलूप तिजोरी कंपनीचा माणूस येऊन स्वच्छ करायचा. "यात तेल घालू नका, धूळ धरतं," असं तो दर खेपेला बजावून जायचा.

याच सुमाराच्या जरा मागे जाऊ. १८९४ मध्ये न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्क इथे जॉर्ज कोल यांनी सायकलींसाठी एक पातळ तेल तयार केलं. ते साफ करतं, वंगण देतं आणि गंज रोखतं, अशी तीन कामं एकात म्हणून नाव 'थ्री-इन-वन'. सायकलच्या साखळीसाठी निघालेलं तेल पुढे शिवणयंत्रं, बंदुका, बिजागऱ्या अशा सगळ्या ठिकाणी शिरलं. आपल्या घरी उषा किंवा सिंगरच्या मशीनबरोबर टोकदार नळीची छोटी तेलाची बाटली असे, ती त्याच घराण्यातली. महिन्यातून एकदा आई मशीनच्या प्रत्येक भोकात एकेक थेंब सोडायची, रिकामी मशीन थोडी चालवायची आणि आधी एक चिंधी शिवून बघायची, म्हणजे ब्लाउजपीसला डाग पडत नसे. ती मशीन पन्नास वर्षं चालली, ती या थेंबांवर.

चाळिसावा प्रयोग

आता त्या निळ्या-पिवळ्या डब्याकडे येऊ. साल १९५३, गाव कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो. तिथे रॉकेट केमिकल कंपनी नावाची एक लहानशी कंपनी होती. एकूण माणसं तीन! अवकाश आणि क्षेपणास्त्र उद्योगासाठी गंज रोखणारी द्रव्यं बनवायची, हा त्यांचा धंदा. धातूवरचं पाणी बाजूला सारून त्या जागी स्वतःचा पातळ थर धरणारं द्रव्य त्यांना हवं होतं. पाणी हटवणं याला इंग्रजीत 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. चाळिसाव्या प्रयत्नाला ते जमलं, म्हणून प्रयोगाच्या वहीत नाव पडलं 'डब्ल्यूडी-४०'. तेच नाव बाजारातही कायम झालं. याचा अर्थ आधी एकोणचाळीस वेळा जमलं नव्हतं, हे आपल्या दहावी-बारावीच्या मुलांनी ध्यानात ठेवावं.

पहिलं गिऱ्हाईक होतं कॉनव्हेअर कंपनी. अमेरिकेच्या 'ॲटलास' क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा अगदी पातळ होता. त्याला गंज लागू नये म्हणून हे द्रव्य लावत. आपल्याकडे ॲटलास म्हटलं की १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेल्या कंपनीची सायकल आठवते. तिकडचं ॲटलास वेगळं. त्याच घराण्यातल्या रॉकेटवर बसून २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

कारखान्यातले काही कामगार हे द्रव्य गुपचूप घरी नेऊ लागले. घरची बिजागरी, घरची गाडी, घरची हत्यारं यांना ते उपयोगी पडतंय हे कंपनीचे नॉर्म लार्सन यांच्या लक्षात आलं. त्यांनी कामगारांना मेमो देण्याऐवजी ते द्रव्य फवाऱ्याच्या डब्यात भरून पाहिलं. १९५८ मध्ये असे डबे सॅन डिएगोच्या दुकानांत आले. १९६९ मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव बदलून आपल्या एकमेव उत्पादनाचं नाव घेतलं.

मला या कथेतला बँकेचा भाग आवडतो. या द्रव्याचं पेटंट कंपनीने घेतलं नाही. पेटंट घेतलं की कृती जाहीर करावी लागते आणि ठराविक वर्षांनी ती सर्वांना मोकळी होते. त्यापेक्षा कृतीचं गुपित त्यांनी बँकेच्या व्हॉल्टमध्ये ठेवलं. सेफ डिपॉझिटमध्ये आयुष्यभर लोकांचे दागिने, खरेदीखतं आणि मृत्युपत्रं पाहिली, पण एका तेलाच्या कृतीवर एवढी मोठी कंपनी उभी राहावी, म्हणजे ठेव म्हणून तिचा नंबर फार वर लागतो!

फवाऱ्याच्या डब्याचा इतिहासही मजेदार आहे. दाबाखालच्या वायूने द्रव बाहेर फवारायची कल्पना १९२० च्या दशकात नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांची. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढणारे सैनिक मलेरियाने आजारी पडू लागले, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गुडह्यू आणि सलिव्हन यांनी डास मारण्याचा हातात धरता येईल असा डबा बनवला. १९४९ मध्ये रॉबर्ट ॲबप्लॅनाल्प यांनी स्वस्त आणि न गळणारी झडप काढली आणि डबा घराघरांत गेला. पण बऱ्याच डब्यांत भरलेला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनच्या थराला धोकादायक आहे, असं १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. आता या डब्यांत कार्बन डायऑक्साइड किंवा स्वयंपाकाच्या गॅससारखे पेट घेणारे वायू असतात. हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंज सुटतो कसा?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. त्यात मीठ मिसळलं की हे काम भराभर होतं. आपल्या खाडीवरून येणारा वारा मीठ घेऊनच येतो, त्यामुळे पुण्याच्या पाहुण्यांची ग्रिल्स दहा वर्षं टिकतात आणि आपली तीन वर्षांत पोपडे धरतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये गंज फुगला की तो पाचर मारल्यासारखा बसतो. मग पाना कितीही ताकदीने फिरवा, नट जागचा हलत नाही. फार जोर केला तर बोल्टच तुटतो.

इथे पातळ तेल कामी येतं. समईची वात तेल वर ओढून घेते, तसंच आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत हे तेल आपसूक ओढलं जातं. जाड तेल तिथे शिरूच शकत नाही. म्हणून गंज सोडवणाऱ्या तेलात बराचसा भाग रॉकेलच्या जातीच्या पातळ द्रावकाचा असतो आणि थोडा भाग खऱ्या तेलाचा. द्रावक तेलाला आत घेऊन जातो आणि मग उडून जातो. मागे राहतो तेलाचा पातळसा थर. शिपाईमामांचं घासलेट हेच काम करत होतं, फक्त जरा सावकाश.

या कृतीतच तिची मर्यादाही आहे. द्रावक जाताना आत असलेलं जुनं ग्रीस विरघळवून, धुऊन काढतो. आणि जो थर मागे ठेवतो तो इतका पातळ असतो की सतत फिरणाऱ्या भागाला तो पुरत नाही. कुरकुरणारी बिजागरी फवारा मारल्यावर लगेच गप्प होते आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बोलायला लागते, याचं कारण हेच. आपण म्हणतो, डबा चांगला नाही. डबा चांगलाच आहे, त्याच्याकडून दुसऱ्याचं काम करून घेतोय आपण.

या डब्याचं खरं काम किती मोलाचं आहे तेही सांगतो. १९६१ मध्ये अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर 'कार्ला' चक्रीवादळ आलं. पुरात बुडालेल्या गाड्या आणि यंत्रसामग्री दुरुस्त करण्यासाठी या द्रव्याचा भरलेला ट्रक तिकडे गेला होता. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावर आपल्या पार्किंगमधल्या स्कूटर, कपाटांची कुलपं, शिवणयंत्रं उघडून पुसायला आठवडा गेला. ज्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी हटवून तेल लावलं, त्यांच्या वस्तू वाचल्या. ज्यांनी "बघू नंतर" म्हटलं, त्यांच्या भंगारात गेल्या.

हायड्रंटचं चाक

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मीटर रूममधून धूर आला होता, तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. वॉचमनने प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला, पावडरच्या सिलिंडरने आग विझवली आणि कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे-चौघे ज्येष्ठ जिन्याने प्रत्येक मजल्यावरची आगीच्या पाण्याची झडप फिरवून बघत वर गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं चाक फिरेना. पाचव्या मजल्यावरचंही फिरेना. देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांचं सर्टिफिकेट मात्र फाइलमध्ये व्यवस्थित लावलेलं होतं.

मग एक जाणता मेकॅनिक बोलावला. त्याने झडपेच्या दांड्यावर फवारा मारला, छोट्या हातोडीने आजूबाजूला हलकेच ठोकलं आणि पंधरा मिनिटं नुसता उभा राहिला. मग चाक आधी बंद होण्याच्या दिशेला किंचित दाबलं, नंतर उघडण्याच्या दिशेला. पुन्हा फवारा, पुन्हा थोडं मागे, थोडं पुढे. अर्ध्या तासात चाक फिरलं. आम्ही टाळ्याच वाजवायच्या बाकी होतो. तो म्हणाला, "काका, हे नुसतं सुटलंय. आता आतला दांडा पुसून ग्रीस लावायला लागेल. आणि महिन्यातून एकदा कोणीतरी फिरवायला पाहिजे. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच."

चार हजार वर्षांचा जो अनुभव मी वर सांगितला, तो त्याने दोन वाक्यांत सांगितला. त्या रात्री आग मीटर रूमच्या बाहेर गेली असती आणि अग्निशमन दलाच्या जवानांना तिसऱ्या मजल्यावर पाणी मिळालं नसतं, तर काय झालं असतं, हे लिहिणंही नको वाटतं. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घेताना कमिटीच्या एका माणसाने बरोबर राहून प्रत्येक चाक डोळ्यांदेखत फिरवून घ्यावं. बँकेत आम्ही रोकड मोजल्याशिवाय सही करत नसू, तोच नियम इथे लावायचा.

घरातल्यांसाठी

आता रोजच्या उपयोगाचं. गंजलेले नट-बोल्ट, खिडकीच्या कड्या, सायकलचे अडकलेले भाग यांना फवारा उत्तम. मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, घाई करू नका. आरशावरच्या टिकल्यांचा गोंद, नवीन डब्यावरचं लेबल, गाडीला लागलेलं डांबर हे फडक्यावर थोडं घेऊन पुसलं की निघतं, नंतर साबणाने धुवावं. पावसात भिजलेल्या हत्यारांवर एक हलका फवारा मारून पुसून ठेवलं तर गंज चढत नाही.

दाराच्या बिजागरीला आधी फवारा मारून जुना मळ पुसून काढा आणि मग मशीन ऑइलचे दोन थेंब किंवा जरासं ग्रीस लावा. सायकलच्या साखळीचंही तसंच. साफ करायला फवारा, पुसून झाल्यावर साखळीचं तेल. कुलपाला तेलापेक्षा ग्रॅफाइटची भुकटी बरी. ती नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल किल्लीवर घासा आणि किल्ली चार वेळा आत-बाहेर करा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच. खोबरेल किंवा गोडेतेल कुलपात, मशीनमध्ये घालू नये. खोबरेल थंडीत गोठतं आणि खाण्याची इतर तेलं काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरतात. विळी, सुरी, पोळपाट, कुकर अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना मात्र फवारा अजिबात नको. विळीच्या पात्याला आजी लावत होती ते गोडेतेलच बरोबर.

काही ठिकाणी चुकूनही मारू नये. सायकल-स्कूटरच्या ब्रेकवर मारला तर ब्रेक लागत नाही. लिफ्टच्या कोणत्याही भागाला रहिवाशांनी हात लावायचा नाही, ते लिफ्टच्या माणसाचं काम. पारदर्शक प्लॅस्टिकच्या काही पत्र्यांना आणि झाकणांना या द्रावकाने तडे जातात. चालू विजेच्या उपकरणात, पेटत्या शेगडीजवळ, देवघरातल्या समईजवळ फवारा मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. घरी आजारी माणसासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर असेल, तर त्याच्या झडपेला कुठलंही तेल किंवा ग्रीस लावू नये, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेटू शकतं. रिकामा डबा भोसकू नये, जाळू नये. भर उन्हात बंद गाडीत ठेवू नये. लहान मुलाने हे द्रव्य चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. डबा बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

आणि माझ्या समवयस्कांसाठी खास. गुडघ्यांवर हा फवारा मारला की संधिवात बरा होतो, अशी एक अफवा अमेरिकेतही फिरली होती. असा काही औषधी उपयोग नाही, असं खुद्द कंपनीच सांगते. आपल्या सांध्यांना सकाळचं फिरणंच बरं.

पंचविसाव्या वर्षी

आपली इमारत आता पंचवीस वर्षांची झाली. स्लॅबमधल्या सळ्यांनाही तोच गंज लागतो आणि तो फुगला की प्लॅस्टर सुटतं. तिथे कोणताही डबा उपयोगी नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. त्यासाठी लागणाऱ्या वर्गणीवर वार्षिक सभेत जो गोंधळ होतो, तो यापुढे कमी व्हावा एवढीच विनंती. वेळेवर केलेला थोडा खर्च आणि उशिरा करावा लागणारा मोठा खर्च यांतला फरक मी पस्तीस वर्षं कर्जखात्यांमध्ये पाहिला आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. कारखान्यांतली यंत्रं त्या दिवशी धुऊन-पुसून, तेल घालून झेंडूच्या माळा घालून सजवतात. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि गंज चढायला सुरुवात झालेली असते, तेव्हा पूर्वजांनी दिवस अचूक निवडला असं म्हणायला हरकत नाही. माझी सूचना अशी की दरवर्षी खंडेनवमीला आपण सोसायटीचा वंगण दिवस ठेवावा. मुख्य दरवाजाच्या बिजागऱ्या, गच्चीच्या दाराची कडी, पाण्याच्या टाकीच्या झडपा, पंप रूमचं कुलूप, सायकल स्टँड हे सगळं एका सकाळी होण्यासारखं आहे. आगीच्या झडपांसाठी त्याच दिवशी परवानाधारक मेकॅनिकला बोलवावं. मुलांनी साफ करावं, मोठ्यांनी तेल-ग्रीस घालावं आणि सेक्रेटरींनी वहीत नोंद करून सही करावी. नंतर सर्वांना गरम बटाटेवडे.

ग्रीसचा डबा, मशीन ऑइलची बाटली आणि पुसायला जुने सुती पंचे माझ्याकडून. वड्यांची जबाबदारी महिला मंडळाने घ्यायची की पुरुष मंडळाने, हे येत्या सभेत ठरवावं.